धोटा

भिवंडीत धामणकर नाक्यावर शेअर रिक्षातून उतरले आणि माझ्या तोंडाने मला न विचारता उत्तर दिलं. झालं ते एवढंसं. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या गाडीपाशी एक पॉवरलूम कामगार उभा होता, बनियनवर, भुवयांवर कापसाचा पांढरा भुगा बसलेला. अलीकडे, माझ्या अगदी शेजारी, त्याचा कोणी गाववाला. दोघांच्या मधून कंटेनर, टेम्पो, रिक्षा, आणि सगळ्यांचे हॉर्न एकाच वेळी. पलीकडच्याने आवाज काढायची तसदी घेतलीच नाही, नुसते ओठ हलवले: खाना खाया? आणि शेजारचा काही म्हणायच्या आत मीच ओठांनी म्हणून बसले: नहीं. तो माणूस चपापला, मग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळिशीची बाई, गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र, हातात डबा, आणि भर रस्त्यात परक्या पुरुषाला सांगतेय की मी जेवले नाही. खरं तर जेवले नव्हतेच. दुपारच्या सुट्टीत ती संस्थेची पोरगी, दिशा, येऊन बसली होती, डबा तसाच्या तसा भरलेला होता.

घराकडे लगेच निघाले नाही. एका बंद शटरच्या पायरीवर टेकले. लोक बघत होते तर बघू देत. चालू लूमचा, यंत्रमागाचा, कारखाना ज्यांनी आतून बघितला नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही. आत कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलतात. तार तुटली, शेठ आला, विडी दे, जेवलास का, सगळं बिनआवाजाचं. मी ते शिकले फ्रॉक घालायच्या वयात. नूर मोहम्मद शेठच्या कारखान्यात माझा बाप लूम चालवायचा, मी कोपऱ्यात बसून कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात घालायच्या त्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळायचे, आणि माझा धाकटा भाऊ चिंधू भरलेल्या कांड्या लूमपाशी नेऊन द्यायचा. दोघांच्या मध्ये लूमच्या ओळी. त्यांच्या फटीतून चिंधूचं तोंड दिसायचं आणि ते तोंड दिवसभर एकच विचारायचं: ताई, जेवलीस का? भूक त्याला लागलेली असायची. मी ‘नाही’ म्हटलं की तो ‘मी पण नाही’ म्हणायचा आणि हसायचा, जसं काही मोठा विनोद केला. घरी आल्यावरही आम्ही तसंच बोलायचो, बाप दारू पिऊन बसला की. आवाज केला की मार पडायचा, ओठ हलवले तर पडत नव्हता. तेवढंच एक काय ते आमच्या मालकीचं.

असं बिनआवाजाचं मला त्याने शेवटचं विचारलं ते कोर्टात. शिक्षा वाचून झाली होती. फाशी. माझ्या मागे बसलेल्या गावकऱ्यांत कोणीतरी टाळी वाजवली आणि शिपायाने त्याला गप्प केलं. चिंधूचे दोन्ही दंड पोलिसांच्या हातात होते, आणि त्याने गर्दीत मला शोधून काढलं, आणि त्याचे ओठ हलले. आसपासच्या लोकांना वाटलं असेल तो देवाचं नाव घेतोय. वकिलांना काही वाटलं नसेल. तो विचारत होता, ताई, जेवलीस का? मी मान फिरवली. दुसरं काय करणार होते? ती शिक्षा माझ्याच साक्षीवर झाली होती. माझा नवरा हिरामण, धाकटा दीर दीपेश आणि सासरे दामूशेठ, तिघांना त्याने आमच्याच घरात कोयत्याने तोडलं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं. कोर्टाने विचारलं, मी सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गिळला नाही. त्याचा आजही मला पस्तावा नाही. जे पाहिलं ते सांगितलं.

आता ही दिशा म्हणते, वैशालीताई, तुम्ही त्याच्या आधीचंही पाहिलंय, ते पण सांगा. पोरगी असेल पंचविशीची. जीन्स, पाठीवर दप्तर, आणि बोलायला इतकी मऊ की मला राग येतो. फाशी झालेल्यांचे खटले लढवणारी कुठलीशी संस्था आहे, तिथली. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला गोडाऊनच्या गेटवरूनच हाकललं होतं. म्हटलं, माझे तीन मुडदे पडलेत बाई, चुकीच्या घरी आलीस. दुसऱ्यांदा आली तेव्हाही हाकललं. आज तिसऱ्यांदा आली आणि काही न बोलता मानकोलीच्या गोडाऊनसमोर त्या उन्हात टपरीच्या बाकावर बसून राहिली, तेव्हा माझंच मेलं मन द्रवलं. ती म्हणाली, वरच्या कोर्टाचं म्हणणं आहे की फाशी कायम करायच्या आधी माणूस काय होता, कसा वाढला, त्याच्यावर काय गुदरलं हेही समोर यायला हवं. खालच्या कोर्टांत ते आलंच नाही, कोणी विचारलंच नाही. आई-बाप मेले. शेठ मेला. कारखाना पाडून तिथे गाळे झाले. चिंधू स्वतः काही सांगत नाही, विचारलं की जेवणाचं बोलतो. तेव्हा राहिलात तुम्ही. उद्या मला सगळं पाठवायचंय, ती म्हणाली, आज संध्याकाळी फोन करते, तेव्हा हो किंवा नाही एवढं सांगा. फाशीची जन्मठेप होऊ शकते. सुटणार नाही तो. फक्त मरणार नाही.

मग तिने मोबाईलवर जगाचा नकाशा दाखवला. हे माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या देशांनी फाशी सोडली ते हिरवे. आणि काय सांगू, सगळा नकाशाच हिरवा. मला वाटत होतं साऱ्या जगात असंच असणार, खून केला की टांगणार, त्यात काय मोठं. तर नाही. ती बोट ठेवत गेली. हा सोडून मोकळा झालेला, हा कायद्यात ठेवून वापरत नसलेला. अगदी अलीकडे झिंबाब्वेने सोडली म्हणाली. झिंबाब्वे मला क्रिकेटमुळे माहीत, हिरामण मॅच बघायचा. मग लाल देश दाखवले. ते थोडे, पण तिकडे उलट जोर वाढलाय, गेल्या एकदोन वर्षांत आधीपेक्षा जास्त माणसं मारली म्हणाली, कुठे तर गांजा-अफूसाठीसुद्धा. आणि आपण? आपण पण लालच. आपल्याकडे शिक्षा पुष्कळांना होते, प्रत्यक्ष फाशी क्वचित. बाकीचे बसून असतात, सकाळी बूट वाजले की आज आपलाच नंबर म्हणून उठून बसतात. एका जपानी बाईचंही सांगितलं. तिचा भाऊ फाशीच्या कोठडीत म्हातारा झाला, वेडा झाला, आणि ही बहीण लढत राहिली, अख्खा जन्म, आणि शेवटी तो निर्दोष ठरला तेव्हा बाई नव्वदीच्या पुढे गेलेली. दिशाला वाटलं मला धीर येईल. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्या बाईचा भाऊ निर्दोष होता गं. माझा नाही. तिला भावासाठी रडायला तरी मोकळं होतं.

मी तिला विचारलं, एवढे हिरवे देश दाखवतेस, तिथे माणसं मारली जात नाहीत का? त्यांच्या आया नाहीत का? हिरवा रंग दिलात तेव्हा त्या म्हाताऱ्यांना काय दिलंत हातात? ती म्हणाली, मला माहीत नाही, ताई. तिथेच मला ती पोरगी पहिल्यांदा आवडली.

कारण माझ्या घरात तशी म्हातारी आहे. हौसा, माझी सासू. नवरा आणि दोन्ही मुलगे एका दुपारी गेले, आणि राहिली कोण, तर मारणाऱ्याची बहीण आणि नात, माझी मेघाली. मला तिने हाकलून दिलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. भावकीतले सांगतच होते, नागिणीचं पोर घरात ठेवू नको म्हणून. तिने ठेवलं. माझ्या साक्षीमुळे ठेवलं. साक्ष देऊन आले त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने मला भात वाढला होता, त्याआधी कित्येक महिने माझ्याकडे बघत नव्हती. गावातलं घर आम्ही कुलूप लावून सोडलं आणि इथे नाक्याच्या मागे दोन खोल्यांत राहायला आलो. तेव्हापासून हौसा टीव्हीसमोर बसलेली आहे. बातम्या बघते. कुठे कोणाला फाशी झाली की मला हाक मारते, ये, बघ. मागे दिल्लीत चौघांना दिली तेव्हा रस्त्यावर लोक पेढे वाटताना दाखवत होते. हौसा म्हणाली, आपले कवा वाटाचे? मी म्हटलं, होईल आई. आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. तिला दुसरं काही नको. औषध वेळेवर घेते, पथ्य पाळते, का, तर तो टांगलेला कळेपर्यंत जगायचंय. डॉक्टर म्हणतात, म्हातारी चिवट आहे. चिवट कशाने आहे ते मला माहीत आहे. उद्या फाशी रद्द झाली तर ती जगेल कशावर, हे त्या नकाशात कुठे आहे?

आणि मी? मला कोणी विचारा ना. तो टांगला गेला तर त्याचं सुतक मी कुठे पाळू? सख्खा भाऊ आहे. बातमी येईल, हौसा पेढे आणायला सांगेल, आणि आणायला जाणार कोण, मीच. नाक्यावरून पेढे आणायचे, तिच्या तोंडात एक घालायचा, मेघालीच्या हातावर एक ठेवायचा, मग न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि आवाज न करता रडायचं. बिनआवाजाचं मला येतं, लहानपणापासूनची सवय. पण येतं म्हणून काय करत राहायचं? नवऱ्यासाठी रडले तेव्हा लोक म्हणाले, आता रडतेय, भावाला घरात घेतलंन कोणी? भावासाठी रडले तर नवऱ्याला विसरली म्हणतील. रडायलासुद्धा मला या जगात एक कोपरा नाही. कधी कधी वाटतं त्या दुपारी त्याने मलाही सोडायला नको होतं.

भाऊबीज होती. यमाच्या तावडीतून भावाला सोडवायचा दिवस म्हणे. मी त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, औक्षवंत हो म्हटलं. औक्षवंत हो, म्हटलं मी. माझ्यासाठी त्याने परातीएवढा डबा भरून करंज्या आणल्या होत्या, बायको नव्हती त्याला, स्वतः तळलेल्या, अर्ध्या फुटलेल्या. मेघाली आठ वर्षांची, तिच्यासाठी फुलबाज्या. ती मामाच्या मांडीवरून उतरत नव्हती. मग जेवणं झाली आणि हिरामणने जमिनीचं काढलं. आमच्या माहेरची जमीन गोडाऊनवाल्यांना हवी होती, तिच्यात माझा वाटा होता आणि तो मी चिंधूला सोडणार होते, तशी रीतच आहे आमच्यात, बहीण भावाला सोडते. हिरामण सोडू देईना. दीपेशही त्याच्या बाजूने. वाईट नव्हते ते, हे मी कोणालाही सांगेन. आजूबाजूला सगळ्यांच्या दारात गाड्या आल्या होत्या, ह्यांना वाटलं आपणच का मागे. पण हिरामणला चिडवायची खोड होती. चिंधूला तो पहिल्यापासून ‘धोटा’ म्हणायचा. आला का धोटा, बसला का धोटा. सगळे हसायचे, चिंधूही हसायचा. त्या दिवशी म्हणाला, जमिनीचं तुला काय कळणार रे, तुझं डोकं तर धोट्यानेच नेलंय. चिंधू हसला नाही. तो उठून अंगणात गेला. मला वाटलं हात धुवायला गेला. तिकडे गवत कापायचा कोयता होता.

धोटा म्हणजे काय ते नाक्यावर कोणालाही विचारा. लाकडाचा हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, लूमवर इकडून तिकडे धावतो म्हणून कापड होतं. कधी कधी तो लूम सोडून उडतो. चिंधूच्या कानशिलात लागला तेव्हा तो अजून दुधाचे दात पाडत होता. त्यानंतरचा चिंधू वेगळा. हे मला माहीत आहे आणि आता जगात फक्त मलाच माहीत आहे. आधी तो बडबड्या होता. नंतर बोलता बोलता मध्येच थांबायचा, डोळे कुठेतरी लावून, आणि मग काय बोलत होता ते विसरायचा. डोकं दुखलं की भिंतीवर आपटायचा, भिंतीवरचा चुना कपाळाला लागलेला असायचा. शाळेत पाटीवरची अक्षरं हलतात म्हणायचा, मास्तरांनी ढ म्हणून मागे बसवला, मग शाळा सुटलीच. आणि राग. कधी तरी, वर्षातून एखाद्या वेळी, कोणी काही लागट बोललं की त्याचा चेहरा कोरा व्हायचा आणि हातात असेल ते तो मारायचा, आणि घटकाभराने आपण काय केलं तेच त्याला आठवायचं नाही. एकदा बापाने मला मारायला पट्टा उचलला तर चिंधूने त्याच्या अंगावर पेटती शेगडी ढकलली होती. तो नऊ-दहाचा. मी त्याला तेव्हा शाबास म्हटलं. दिशाला कोर्टासाठी हेच तर हवंय. सांगितलं तर तो जगेल. पण तो जगावा असं मला वाटतं का? बाई गं, हेच तर मला कोणी सांगा. सकाळी वाटतं जगावा. संध्याकाळी मेघालीला बापाच्या फोटोवरची धूळ पुसताना बघते आणि वाटतं टांगा एकदाचा, सुटू दे त्याला, सुटू दे आम्हाला.

शटरच्या पायरीवरून उठले. रस्ता ओलांडला. तो लूमवाला चहा पिऊन गेला होता. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना अजून कारखाने आहेत, जमीन पायाखाली सारखी थरथरत असते, पाहुण्यांना झोप लागत नाही. आम्हाला वीज गेली की जाग येते. मी जिना चढताना ठरवलं, नाही सांगायचं. फोन आला की नाही म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. एवढी वर्षं भात खाल्ला हौसाच्या हातचा. मेघाली परवाच म्हणाली होती, तिला दिशाचं कुठून कळलं देव जाणे, म्हणाली, आई, तू त्याच्या बाजूने बोललीस ना, तर मी आजीबरोबर राहीन, तू तुझं बघ. मामा म्हणत नाही ती. ‘तो’ म्हणते. सतरा वर्षांची पोर, तोंड हिरामणचं आणि कपाळ चिंधूचं. तिचा काय दोष? दोन्हीकडचं रक्त तिच्या एकटीत आहे. तिला गमावून मला भाऊ नको. ठरलं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पक्कं ठरलं होतं.

घरात गेले. हौसा टीव्हीसमोर, मेघाली जमिनीवर पुस्तक घेऊन. डबा ओट्यावर ठेवला तर हौसाने बघितलं, तिचं असल्या गोष्टींत बरोबर लक्ष असतं. डब्याच्या वजनाचा आवाज तिला कळतो.

“जेवलीस न्हाय का गो?” ती म्हणाली.

एवढंच. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. नाक्यावर तोंडाने जसं परस्पर उत्तर दिलं तसं आता सगळं अंगच देणार असं वाटायला लागलं. मी म्हटलं, नाही जेवले. आणि उभ्याउभ्या फोन वाजला. दिशाचा. एरवी असा फोन आला असता तर मी गॅलरीत गेले असते, दार ओढून घेतलं असतं. आज गेले नाही. हौसाच्या खाटेसमोर जमिनीवर बसले आणि फोन कानाला लावला. दिशाने विचारलं, ताई, ठरलं का? मी म्हटलं, लिहून घे.

मेघालीने वर बघितलं. तिला क्षणभर कळेना, मग कळलं. “आई, नको,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, “आई.” मी तिच्याकडे बघत राहिले आणि बोलत राहिले. ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि कडी लावल्याचा आवाज आला. माझं तोंड थांबेना. हौसाने रिमोट उचलला. मला वाटलं आवाज मोठा करणार, माझं ऐकू येऊ नये म्हणून. तिने आवाज बंद केला. टीव्हीवरची माणसं नुसती ओठ हलवत राहिली.

मी दिशाला सांगत होते की पावसाळा होता, कारखान्यात ओल होती, ओल असली की सुताच्या तारा चिकटून तुटतात आणि धोटा अडकून उडतो. मी कोपऱ्यात कांड्या भरत होते. चिंधू कांड्यांची टोपली घेऊन दोन लूमच्या मधून माझ्याकडेच येत होता आणि चालता चालता मला विचारत होता, जेवलीस का. त्याच्या ओठांवर ‘जेवलीस’ होतं, ‘का’ यायचं होतं. आवाज कसला आलाच नाही, चालू कारखान्यात कसला येणार. तो फक्त खाली बसला. टोपली सोडली नाही त्याने. मी धावले. कानाच्या वर, इथे, बोटभर खड्डा पडला होता.

“रगात किती गेला?” हौसाने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ती मला विचारत होती, दिशाला नाही.

“नाही गेलं, आई. थेंबभर पण नाही. म्हणून तर कोणी नेलं नाही. शेठ म्हणत होता, बच्चे को दवाखाने ले जा, स्वतःची स्कूटर काढत होता. बापाने हात लावून बघितलं, बोटाला काही लागलं नाही. म्हणाला, खून नही आया तो क्या हुआ. सगळे कामगार तसंच म्हणाले. कारखान्यात तसंच धरतात, रक्त आलं तर लागलं. हळद-चुना भरला, चिंधी बांधली, आणि संध्याकाळची पाळी भरून काढली त्याच्याकडून. रात्री त्याला उलट्या झाल्या. तेव्हापण बाप म्हणाला, रक्त कुठेय?”

फोनवर दिशा लिहीत होती, तिच्या बोटांची टकटक ऐकू येत होती. खाली गल्लीतले लूम चालू होते. हौसाचा दीपेश लहानपणी आंब्यावरून पडला होता तर दामूशेठने बैलगाडी न जुंपता त्याला खांद्यावर घेऊन भिवंडीपर्यंत धाव घेतली होती, ही गोष्ट ती सणासुदीला सांगायची. तिला आत्ता तेच आठवत असणार, मला तर तेच आठवत होतं. आतल्या खोलीतून मेघालीचं रडणं ऐकू यायला लागलं, मोठ्याने, आवाज काढून. मला बरं वाटलं की माझ्या पोरीला आवाज काढून रडता येतं.

“तवांच मेला असता त,” हौसा म्हणाली, “माजे तिघं आज जित्ते असते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशोब मांडल्यासारखंही नव्हतं. एका आईने दुसऱ्या कोणाच्या पोराबद्दल जे बोलू नये ते ती बोलली होती आणि ते खरं होतं. मी पण त्या अंथरुणाशी बसून, त्याच्या ओकाऱ्या भांड्यात झेलत, रात्रभर देवाला म्हणत होते, वाचव, वाचव. देवाने वाचवला.

“हो, आई,” मी म्हटलं.

दिशाची टकटक थांबली होती. तिने ऐकलं होतं. ताई, हे मी लिहू नको ना, ती हळूच म्हणाली, ह्याने त्याचं नुकसान होईल.

“हे पण लिही,” मी म्हटलं. “त्या माझ्या सासूबाई आहेत. हौसा दामू म्हणून लिही. त्यांचं पण लिही.”

हौसाने टीव्ही बंद केला आणि खाटेवरून पाय खाली सोडले. मग तशीच बसून राहिली, कुठेच गेली नाही. मी फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि धोटा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधूने मला नावाने ओळखलं नाही, तिथपासून पुढचं सांगायला लागले.